रजिस्टरात अठरा

पारोळ्याच्या अलीकडे, हायवेला लागून,
हॉटेल संगम, परमिट रूम, फॅमिली गार्डन.
फॅमिली कधी आली नाही,
गार्डन म्हणजे करंजाची दोन झाडं.
दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि तिसऱ्या दिवशी
आम्ही तिथं लागलो, भटू आणि मी.
जिभाऊशेठनं वय विचारलंच नाही,
वहीत स्वतःच लिहून टाकलं: अठरा. खाली परत अठरा.
मला मिसरूडही फुटलं नव्हतं.
भटूला होतं, थोडंसं,
ते तो ग्लास विसळता विसळता ओल्या बोटानं चपटं करायचा.

काम म्हणजे काय,
लिंबं चिरायची, शेंगदाण्यात कांदा कालवायचा,
भुसा झटकून बर्फाची लादी फोडायची,
आणि दुपारी दोनला, बाहेर डांबर चपलेला चिकटत असताना,
कूलरच्या पोटात नळी सोडायची.
एक दिवस तो, एक दिवस मी.

भटू कागदावर काही लिहायचा नाही.
सावद्याची केळी सुरतेला नेणारे ड्रायव्हर,
जिनिंगवरचे हमाल, एक निलंबित तलाठी,
कुणाला किती, कशासोबत, मागचं किती बाकी,
सगळं डोक्यात.
भूगोलात तेवढी तापी आठवली नाही त्याला.
"मी पेपरमा गिरणा लिखी उनू," म्हणाला,
"ती बी आपलीच शे ना."

बामच्या रिकाम्या बाटलीत टीप साठवायचा.
एक दिवस सहा नंबरच्या टेबलावर तो बसणार होता,
पाय पसरून, गिऱ्हाईक म्हणून.
ऑर्डर मी घ्यायची.
शेवभाजी, तर्री वेगळी, आणि एक थंडा.
मला टीप पाच रुपये. जास्त मागायची नाही.

निकालाच्या दिवशी पाणी भरायची पाळी माझी होती.
"तू जाय भो, पानी मी भरस.
मना बी नंबर देखजो,"
आणि बाटली उलटी करून त्यानं एक रुपया काढून दिला.

स्टँडवर एक जण गॅझेट मांडीवर घेऊन बसलेला,
एका नंबरला एक रुपया.
माझा सापडला. सेकंड क्लास.
मग रेटारेटी, घाम, कुणीतरी पाठीत धपाटा घातला,
आणि भटूच्या रुपयाचा मी उसाचा रस प्यालो,
बर्फ जास्त घालून.
म्हटलं, उद्या बघू.
गॅझेट कुठं पळून जातंय.

परत आलो तर मेन स्विच खाली पाडलेला.
कुणी काही बोलेना.
नळी तेवढी चालूच राहिलेली,
पाणी करंजाच्या बुंध्यापर्यंत गेलेलं.
त्याच्या चपला दाराशी, कोरड्या.
ओल्यात खराब होतात म्हणून
तो काढून ठेवायचा.

हवालदारानं वही मागितली.
पंचनाम्यात तेच उतरलं: मयत, वय वर्षे अठरा.
तीन वर्षं मिळाली त्याला अशी,
जिभाऊशेठच्या अक्षरात.

पगार द्यायला शेठ स्वतः गेला,
एकाहत्तर दिवसांचा, रोख.
दोन ग्लास फुटले होते, ते कापले नाहीत,
असं त्यानं तीनदा सांगितलं.
भटूच्या आईनं नोटा मोजल्या नाहीत.
माझ्याकडे बघून म्हणाली, जेवलास का.

आता तो रस्ता चौपदरी आहे.
संगम होतं तिथून गाड्या वरून जातात.
निकाल मोबाईलवर येतो, फुकट.
परवा पोरीचा नंबर टाकला, आईचं नाव टाकलं,
गोल फिरत राहिलं बराच वेळ,
आणि त्या फिरण्यात मला कूलरचा आवाज आला.
उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.
पोरगी हाका मारत होती, पप्पा, लागला, लागला.

माझ्या नंबरात चार मिळवले की भटूचा नंबर.
तो मी अजून कुठं पाहिलेला नाही.
एक रुपया निघतो तुझा माझ्याकडे.
वहीत नाही, भटू.
डोक्यात आहे.